मंगळवारचं भरीत, गच्चीवर

बाहेर जेवायचं म्हटलं की आपण थेट शनिवार, गाडी, चिकन असं सुरू करतो. मी बोलतोय मंगळवारबद्दल. एक लोखंडी शेगडी, भरताचं वांगं, मिरच्या, कांदा, दाण्याचा कूट आणि कोपऱ्यावरच्या मावशींकडच्या ज्वारीच्या भाकऱ्या. बस्स.

कोळसा पेटला की लगेच वांगं ठेवू नका. ज्वाळा बसू द्या, निखाऱ्यावर राखेचा थर दिसला की मग. आधी वांग्याला दोन-तीन चिरा द्या, नाहीतर वाफ कोंडून फुटतं. साल काळं पडलं, देठाजवळ मऊ लागलं की झालं. मिरच्याही तिथेच भाजा. फोडणी नकोच, वरून कच्चं तेल. (खानदेशातले मित्र रागावतील, चालेल!)

आता सिरियसली ऐका. थंडी वाजते म्हणून शेगडी खोलीत नेऊ नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला ना वास, ना रंग. दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. राख झाली तरी आत विस्तव असतो, म्हणून लांबून थोडं थोडं पाणी, ढवळायचं, पुन्हा पाणी.

सोसायटीला आधी विचारा बरं का. आणि भाकऱ्या फडक्यात गुंडाळून न्या, गच्चीवरच्या वाऱ्यात लगेच कडक होतात.