शाळेतील विज्ञान आणि कुलपातले कपाट



माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या अभ्यासक्रमावर बोला, असे व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र आले, तेव्हा टपाल चुकून आमच्याकडे आले असावे असे आम्हांला वाटले. आम्ही युनियनचे माणूस. आठवीतून शाळा सुटली, ती घरच्या अडचणीने. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, दिव्याखाली. परंतु मग मनात आले, की शिकवणाऱ्यांनी या विषयावर पुष्कळ सांगितले आहे. न शिकल्यामुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यातर्फेही एकाने बोलायला हरकत नाही.

1996 सालची गोष्ट. आम्ही एका रंगाच्या कारखान्यात कामाला होतो. सांडपाण्याची टाकी साफ करावयाची होती. एक कंत्राटी कामगार शिडीने आत उतरला आणि तळाशी जाऊन कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही पडला. तिसरा निघाला होता, त्याला आम्ही कमरेला मिठी मारून मागे खेचले. ते शहाणपण नव्हते, नुसती भीती होती. ते दोघे गेले. त्यांचे चेहरे अजून समोर येतात.

चौकशीत तो तिसरा गडी म्हणाला, “आधी सडक्या अंड्यासारखा वास येत होता, मग तो यायचा थांबला. वाटले, वायू निघून गेला.” सभ्यहो, वायू गेला नव्हता, नाक गेले होते. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की वास येतो. पुष्कळ झाला की नाकच बधिर होते, आणि माणूस निर्धास्त होतो. पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या मुलीच्या नववीच्या पुस्तकात आम्ही रेणुवस्तुमानाचा धडा वाचला. हायड्रोजनचे दोन अणू म्हणजे दोन, गंधकाचे बत्तीस, एकूण 34. हवेची सरासरी काढली तर 29 च्या आसपास येते. म्हणजे हा वायू हवेहून जड. टाकीच्या तळाशी साचून राहणारा. एवढी एक बेरीज! रात्री पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ तसेच बसलो होतो.

पण खरी बोच पुढे आहे. तो तिसरा गडी दहावी पास होता. या वायूचे गुणधर्म त्याने परीक्षेत लिहिले होते, त्याचे गुणही मिळाले होते. त्याच्या शाळेत किपचे उपकरण होते, ते काचेच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. फुटले तर भरपाई कोण करणार, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न. मास्तरांनी एकदा जरी त्या वायूचा बेताने वास देऊन “चला, आता खिडकीशी व्हा, हा नाकाला फसवतो” असे म्हटले असते, तर तो गडी ते जन्मभर विसरला नसता.

विज्ञान सर्वांना मिळावे यासाठी या देशात थोडी खटपट झालेली नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेतच शेतीचे व आरोग्याचे प्रारंभिक ज्ञान द्या अशी मागणी होती. कष्ट करणाऱ्याच्या मुलाला त्याच्या कष्टामागचे शास्त्र कळावे, असा त्या मागणीचा अर्थ आम्ही घेतो. पुढे 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांनाच सक्तीचे असावे असे सुचवले, आणि सत्तरीच्या दशकात दहावीचा नवा आराखडा आपल्या राज्यात आला. त्यापूर्वी अकरावीच्या शालान्त परीक्षेत विज्ञानाला बगल देता येत असे. सक्तीमुळे मुले नापास होतात अशी ओरड झाली, आजही होते. आम्ही त्या ओरडीत नाही. ज्याला पुढे टाकीत उतरायचे आहे त्याला विज्ञानातून सूट देणे ही दया नव्हे.

आज दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या चाळीस चाळीस गुणांच्या दोन पत्रिका असतात आणि वीस गुण प्रात्यक्षिकाला. बारावीला भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतले तर सत्तर लेखी, तीस प्रात्यक्षिक. कागदावर हे प्रमाण वाईट नाही. पण हे वीस-तीस गुण कसे पडतात ते येथे बसलेल्या पालकांना आम्ही सांगायला नको. वर्षभराच्या प्रयोगांची वही फेब्रुवारीत दोन रात्रीत उतरून होते. शिवाय नीट आणि सीईटी या प्रवेशपरीक्षांत प्रयोगाला एकही गुण नाही. चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची. तेव्हा बाप ज्या क्लासची फी भरतो त्या क्लासला परीक्षानळी ठेवण्याची गरजच काय? डॉक्टर होऊ घातलेला मुलगा पुढे महाविद्यालयात प्रयोग करील. दहावीनंतर कारखान्यात येणारा कोठे करील? त्याची प्रयोगशाळा शाळेतच संपते, किंवा सुरूच होत नाही.

खर्चाचे कारण दरवेळी पुढे येते. मालकांशी वाटाघाटी करून आमचे कान तयार झाले आहेत. पैसा नाही म्हणताच आम्ही आधी हिशेब मागतो. म्हणून आज आम्ही एक पिशवी बरोबर आणली आहे. तीत काचेची एक बरणी, लहान-मोठ्या तीन मेणबत्त्या, खायचा सोडा आणि चार लिंबे आहेत. मेणबत्त्या बरणीत पायऱ्यांसारख्या उभ्या करून पेटवायच्या. दुसऱ्या भांड्यात सोड्यावर लिंबू पिळायचे आणि निघालेला वायू पाणी ओतावे तसा अलगद बरणीच्या कडेने ओतायचा. हा कार्बन डायऑक्साइड; टाकीतला वायू नव्हे, त्याच्यासारखा विषारीही नव्हे. पण हाही हवेहून जड. सर्वांत बुटकी मेणबत्ती आधी विझते, मग मधली. उंच ती शेवटी.

कारखान्याच्या फाटकावर आम्ही हा प्रयोग पुष्कळदा केला आहे. बुटकी ज्योत विझली की गर्दी एकदम गप्प होते. टाकीतल्या शिडीच्या पायऱ्या कोणालाही वेगळ्या समजावून द्याव्या लागत नाहीत.

अध्यक्षांची परवानगी असेल तर ही बरणी आता मंचाच्या कडेला ठेवतो. मागे उभी असलेली मुले दिसत नाही म्हणून टाचा उंचावत आहेत, त्यांना पुढे येऊ द्यावे. लिंबू पिळायला त्यांच्यातलाच कोणीतरी लागेल; आणि कोणी तो पंखा बंद करा, म्हणजे झाले.