अंगठा म्हणजे तीस टक्के



एका तक्त्यापासून सुरुवात करते. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हाताचा दर लिहिलेला आहे. अंगठा गेला तर 30 टक्के. तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. एका हाताची चारही बोटं गेली तर 50. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय, पण बोटांचा हिशोब राहिलाच आहे. इथे बसलेल्या अनेकांची फी याच बोटांनी भरली आहे, म्हणून हा तक्ता आपल्याला पाठ हवा.

माझं संशोधन लोखंडाच्या गोदामांतल्या हमालांवर आहे. बोट जातं कसं? पत्र्यांची चळत उचलताना साखळी सरळ करायला हात आत गेलेला असतो आणि तेवढ्यात साखळी ताणली जाते. किंवा सळयांची मोळी उतरवताना खाली लाकडी ठोकळे ठेवलेलेच नसतात, मग हात काढायला फट उरत नाही. मालक म्हणतो, "लक्ष नव्हतं त्याचं." अहो, ठोकळे कुठे होते ते सांगा ना! आणि कायदाही नुसत्या दुर्लक्षाला भरपाई नाकारायचं कारण मानत नाही. कामगार दारू प्यायला होता किंवा सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला, हे मालकाला दाखवावं लागतं.

पुढचं माझ्या वहीत पुन्हा पुन्हा तेच येतं. मुकादम खासगी दवाखान्यात नेतो. केसपेपरवर "घरी पडला" असं लिहिलं जातं. पंधरा-वीस हजार हातावर ठेवतात आणि "आता काही मागणं नाही" अशा कागदावर सही घेतात. उजवा अंगठा गेला असेल तर डाव्याचा ठसा. (एकलव्य तुम्हाला आठवला असेल. मी त्याला मध्ये आणत नाही, हिशोब बाजूला पडतो.)

तर हिशोब. वय 40, महिना मजुरी 15,000. तिचे 60 टक्के, म्हणजे 9,000. त्याला वयाच्या गुणकाने, 184.17 ने गुणा. आले 16,57,530. त्याचे 30 टक्के म्हणजे 4,97,259 रुपये. हक्क सोडून देणारा करार याच कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल असतो, त्यामुळे तो ठसा दाव्याच्या आड येत नाही. ठेकेदार पळाला तरी मूळ मालक सुटत नाही. ईएसआय लागू असेल तर दावा तिकडे जातो, पण तिथेही गोम आहे. मानेसरच्या वाहनउद्योगात अनेकांचं कार्ड अपघात झाल्यावर काढलं जातं, हे सेफ इन इंडिया या संस्थेच्या अहवालांत आलं आहे.

आणि तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं नुकसान शंभर टक्के धरलं. हमालाचा अंगठा गेला, पकडच गेली, तर 30 टक्क्यांवर का थांबायचं? हा युक्तिवाद आपल्यातल्या वकिलांनी लावून धरायला हवा.

ओझ्याखाली कोण असतं, हेही बोलायला हवं. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त मजुरीचं काम बंद, उरलेलं खुलं. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न पुढे आणला. माझ्या गोदामांत वजनकाट्यावर बसणाऱ्यांची आणि साखळी लावणाऱ्यांची आडनावं मी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिते. ते रकाने अजून एकमेकांत मिसळलेले नाहीत.

घरात असं झालं तर दवाखान्याचा पहिला कागद आपण वाचायचा. "कामावर, माल उतरवताना" हे शब्द त्यात हवेत. हजेरी, मजुरी, गेटपास, जे मिळेल त्याचा फोटो काढा. दाव्याला मुदत दोन वर्षांची.

बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने वडिलांचा अर्ज स्वतः लिहिला. ठेकेदाराने उत्तर दिलं, या माणसाला मी ओळखत नाही. तिने मुकादमाच्या हजेरीवहीच्या चार पानांचे फोटो जोडले. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि आमच्यापैकी तिघं तिच्यासोबत जाणार आहेत.