चढाचा टक्का आणि माळावरचा वारा

सायकलस्वार चढण मोजतात ती टक्क्यांत. शंभर मीटर पुढे जाताना सात मीटर वर गेलात, की चढ सात टक्के. टक्का मोठा तितकी चढण अवघड, हा समज सर्वत्र रूढ आहे. उघड्या माळावरच्या लांब चढणींच्या बाबतीत मात्र या मोजपट्टीतून निम्मी मेहनत निसटते, असं माझं मत आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली क्रॅग व्हेलची चढण पाहा. मायथमरॉइड गावातून निघालेला रस्ता साडेपाच मैल, म्हणजे जवळजवळ ९ किलोमीटर, कुठेही उतार न लागता ९६८ फूट वर चढतो आणि ब्लॅकस्टोन एजच्या माळावर पोचतो. देशातली सर्वांत लांब सलग चढण अशी पाटीच तिथे आहे. पण सरासरी चढ जेमतेम ३.३ टक्के. २०१४ मध्ये तूर द फ्रान्सचा यॉर्क ते शेफिल्ड हा टप्पा इथून गेला, तेव्हा गुणांसाठी धरलेल्या नऊ चढणींत हिचं नाव नव्हतं. होम मॉसचं होतं, ती ४.७ किलोमीटरच, पण सात टक्क्यांची.

आता हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरा. क्रॅग व्हेलवर ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना नुसतं वर चढण्यासाठी सुमारे १४५ वॅट शक्ती लागते आणि हवा कापायला ३५ वॅटच्या आसपास. समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा आला, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या हलत राहतील एवढाच, तर हवेचा वाटा १३० वॅटच्या घरात जातो. वारा चढाच्या बरोबरीला येऊन बसतो! सगळ्या वाटेवर तो असाच लागला, तर तेवढ्याच मेहनतीत सत्तावीस मिनिटांची चढण पस्तीस मिनिटांवर जाते. होम मॉससारख्या उभ्या चढावर वेगच कमी असतो, म्हणून तोच वारा तुलनेने थोडं नुकसान करतो.

कोणी म्हणेल, उभ्या चढावर सर्वांत हलका गिअरही जड होतो, पाय अडतात. सौम्य चढावर निदान सावकाश जाता येतं. हे खरंच आहे. पण ती पायांतल्या जोराची परीक्षा झाली. लांब चढणीत शक्ती कुठे राखायची आणि पुढच्याच्या चाकामागे आडोसा कधी घ्यायचा, हेही कळावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वारा रोज बदलतो, मग तो चढणीच्या खात्यावर कसा मांडायचा? रोजचा वारा मांडता येणार नाही, पण नेहमीची दिशा मांडता येते. ब्रिटनमध्ये वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, आणि हा रस्ता चढतो तोही दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला झुकत. खालच्या भागात दरी आणि झाडी वारा अडवतात. वर झाडं संपतात, दोन्ही बाजूंना गवत आणि पीटची काळी, पाणथळ जमीन उरते, आणि पाय थकलेले असताना तोंडावर वारा सुरू होतो तो तिथे.