मृतांचे खाजगी उद्गार
(गणेशगुडी येथील भाषणाचा मजकूर)



दिवंगत पुढारी आपणांस खाजगीत काय म्हणाले, हे सभेत सांगण्याचा मोह वक्त्यास आवरत नाही. आम्हीही त्यास बळी पडलो आहोत. एका पुढाऱ्याने रागाच्या भरात सहकाऱ्याविषयी काढलेला उद्गार आम्ही त्यांच्या मृत्यूनंतर व्यासपीठावरून सांगितला. टाळ्या पडल्या. सभेनंतर त्यांच्या वृद्ध स्नेह्याने विचारले, "ते हयात असते, तर सांगितला असतात?" आम्ही निरुत्तर झालो.

मग आठवणी सांगूच नयेत काय? तसे नव्हे. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. पुढे सदाशिव विनायक बापट यांनी त्यांच्या आठवणी व आख्यायिका तीन खंडांत प्रसिद्ध केल्या. घरगुती टिळक महाराष्ट्रास त्यातून कळले. परंतु तेथे सांगणारा आपल्या नावानिशी उभा आहे. जाब कोणास विचारावा, हे वाचकास ठाऊक आहे.

मृतास खुलासा करता येत नाही. म्हणून उद्गार केव्हा व कोणत्या प्रसंगी निघाला, हेही सांगावे. लोकहित असेल तरच सांगावे. आणि तो आपल्याच पक्षास सोयीचा असेल, तर स्वतःवर दुप्पट संशय धरावा.

येथून जवळच काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव आहे. त्याविषयी कोणी काहीही सांगितले, तरी ते गाव वर येऊन साक्ष देणार नाही. ज्याने ते पाहिले, त्यानेच जपून बोलले पाहिजे. मृतांचेही तसेच आहे.

तो उद्गार आम्ही पुन्हा उच्चारणार नाही, आजही नाही.