शाळेतली ताई
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषींचे भाषण होते. यंदा सभासदांपैकीच कोणी तरी बोलावे असे ठरले आणि माझे नाव पुढे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यानंतर घर, मुले आणि चूल हीच माझी शाळा. परंतु माझा धाकटा मुलगा पालिकेच्या शाळेत आहे आणि गेली तीन वर्षे त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून मी बसते. तेथे जे पाहिले तेवढेच आज सांगणार आहे.

आपल्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, एका संस्थेच्या कार्यकर्त्या येतात. त्यांना शालेय समाजकार्यकर्त्या असे म्हणतात. नाव जरा जड आहे. मुलांनी ते सोपे करून टाकले आहे. शिकवतात त्या बाई आणि या ताई.

या ताईंविषयी आपल्यापैकी काहीजणींच्या मनात किंतू आहे, हे मला ठाऊक आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलणे निघालेच होते. "शाळेने शिकवावे, आमच्या घरात कशाला डोकवावे? घरची गोष्ट घरात राहावी," असे दोघीतिघी म्हणाल्या. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. परकी बाई दारात उभी राहिली आणि "मूल शाळेत का येत नाही?" असे विचारू लागली, की कोणत्याही आईला अवघडल्यासारखे होणारच. म्हणूनच ही ताई करते तरी काय, हे नीट समजून घेऊ या.

हे काम काही आजचे नाही. १९०६-०७ च्या सुमारास अमेरिकेत न्यू यॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत त्याची सुरुवात झाली. परदेशांतून आलेल्या मजुरांची मुले शाळेत येऊ लागली होती. मूल उपाशी आहे, आजारी आहे की कामाला जुंपलेले आहे, हे वर्गात बसून शिक्षकांना कळेना. तेव्हा घरी जाऊन भेटणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या. आपल्याकडे समाजकार्याचे रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेली ती शाळा म्हणजेच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढे मुंबईत निर्मला निकेतन आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था येथेही हे शिक्षण मिळू लागले. म्हणजे ही बाई उगाच चौकशा करीत फिरणारी नव्हे. डॉक्टर नाडी पाहायला शिकतो, तशी ती घर आणि शाळा यांमधली नाडी पाहायला शिकून आलेली असते.

तिचे पहिले काम म्हणजे हजेरीपट वाचणे. आपण म्हणू, हजेरीपटात वाचण्यासारखे ते काय? पण ताईंनी मला एकदा तो उलगडून दाखवला. एक मुलगा रोज येतो, पण नेहमी उशिरा. एक मुलगी महिन्यातून ठरावीक चार दिवस येत नाही. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे तिचे कारण. एका मुलाचे नाव दिवाळीनंतर एकदम बंद होते. त्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात. पटावर सगळ्यांसमोर 'गैरहजर' असे एकच अक्षर असते. कारण मात्र प्रत्येकाचे निराळे असते आणि ते शोधायला घरीच जावे लागते.

पाचवीतला एक मुलगा वर्गात झोपत असे. आळशी म्हणून त्याला बाकावर उभे करणे झाले, वहीत शेरे लिहून झाले. ताई त्याच्या घरी गेल्या. वडिलांची रात्रपाळी, आई अंथरुणाला खिळलेली आणि नळाला पाणी येई पहाटे तीन वाजता. दहा वर्षांचे ते पोर उठून घरभर पाणी भरी. ताईंनी शेजारणीशी बोलून पाण्याची पाळी लावून दिली, आईला सरकारी दवाखान्यात नेले आणि वर्गशिक्षिकेला सगळे समजावून सांगितले. दोन महिन्यांत मुलगा वर्गात जागा राहू लागला. यात घराची अब्रू गेली का? उलट त्या घराला दोन माणसे जोडली गेली.

आता जी गोष्ट सांगते ती जड आहे. ती त्या मुलाच्या आईच्या संमतीने सांगते आहे. तो मुलगा होता की मुलगी, इयत्ता कोणती, राहणार कुठले, यांतले काहीही सांगणार नाही आणि कोणी मला नंतर विचारूही नये. कायद्यानेही अशा मुलाची ओळख उघड करण्यास बंदी आहे.

ते मूल अभ्यासात चांगले होते. पण मंगळवार आणि शुक्रवार आला की त्याचे पोट दुखे. घरात ओवा झाला, हिंग झाला, दृष्टही काढून झाली. वर्गशिक्षिकेच्या वर्गात साठ मुले. तिच्या ध्यानात यायचे कसे? ताई यायच्या त्या सोमवारी आणि गुरुवारी, तेव्हा ते मूल हजर असे. एके दिवशी त्या पट वाचीत बसल्या असताना तेच दोन वार त्यांच्या डोळ्यांत भरले. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की ते मूल परस्पर शिकवणीला जात असे. शाळेत गेले की शिकवणी चुकत नसे, म्हणून ते शाळाच चुकवीत होते.

ताईंनी लगेच काही विचारले नाही. चार भेटी नुसत्या चित्रे काढण्यात आणि गप्पांत गेल्या. पण पहिल्याच भेटीत त्यांनी मुलाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. "तू सांगशील ते मी वर्गात किंवा शेजारीपाजारी बोलणार नाही. पण तुला कोणी इजा करीत असेल, तर ते थांबविण्यासाठी मला काही मोठ्या माणसांना सांगावे लागेल. ती माणसे कोण, ते मी आधी तुला सांगेन." खोटे वचन दिले नाही, म्हणून मुलाचा विश्वास बसला. पाचव्या भेटीत मूल बोलले. शिकवणी घेणारा मनुष्य घराच्या ओळखीतलाच होता.

त्या माउलीने पहिल्यांदा काय म्हटले असेल, ते आपण सगळ्या जाणतो. "ताई, हे इथेच मिटवा. लोक काय म्हणतील?" ताई रागावल्या नाहीत. त्या तिच्याजवळ बसून राहिल्या आणि कायदा काय सांगतो ते त्यांनी तिला समजावले. तोच आपणा सर्वांना माहीत असावा म्हणून सांगते.

मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१२ साली झाला. त्याला पोक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो लागू आहे. असा प्रकार कळला तर पोलिसांना कळविणे हे कळलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे कर्तव्य आहे; न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कळवण्यासाठी पुरावा गोळा करावा लागत नाही आणि सद्हेतूने कळविणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलाला पोलीस चौकीत बसवून ठेवायचे नसते. जबाब घरी किंवा मूल सांगेल तेथे, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, साध्या वेषात आणि आईवडिलांच्या किंवा मुलाच्या विश्वासातील माणसाच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचे असते. दवाखाना सरकारी असो की खाजगी, उपचार मोफत करावे लागतात.

हे ऐकून ती आई उठली. ताई तिच्याबरोबर होत्या, त्या दिवशी आणि पुढेही प्रत्येक खेपेला. प्रकरण न्यायालयात आहे, त्याबद्दल अधिक बोलणे बरे नव्हे. मूल मात्र आज रोज शाळेत येते. मंगळवारीही येते आणि शुक्रवारीही येते. वर्गात कोणाला काही माहीत नाही, हेही ताईंचेच काम.

भगिनींनो, असे एखाद्याच घरी घडते असे समजू नका. भारत सरकारने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. आपले महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्यात मुलगेही मुलींइतकेच होते आणि त्रास देणाऱ्यांत ओळखीची, विश्वासाची माणसे पुष्कळ होती. तेव्हा "आमचा मुलगा आहे, आम्हांला काय चिंता?" असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्यांची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. तेव्हा आपण हळहळलो, चार दिवस बोललो. त्यानंतर शासनाने शाळांसाठी कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चौकशी, तक्रारपेटी यांचे हुकूम काढले. ते योग्यच झाले. परंतु कॅमेरा पाहतो, तो ऐकत नाही. शिकवणीच्या खोलीत तो नसतो आणि घरात तर नसतोच. पेटीत चिठ्ठी टाकायला आधी लिहिण्याचे धैर्य लागते. मुलाला ऐकणारे माणूस लागते आणि त्या माणसाजवळ वेळ लागतो.

घरी आपण काय करावे, तेही ताईंकडून शिकले ते सांगते. मूल काही सांगू लागले तर किंचाळू नये, "तू तिथे गेलासच कशाला?" असे विचारू नये. "सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही," एवढे म्हणावे. खोदून खोदून दहा वेळा विचारू नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. ज्याच्याविषयी सांगितले त्याच्यासमोर मुलाला उभे करू नये. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नयेत, डॉक्टरांपर्यंत जपून न्यावेत. आणि १०९८ हा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. संकटातील मुलांसाठीचा हा फोन १९९६ साली मुंबईत, टाटा संस्थेच्याच एका प्रकल्पातून सुरू झाला. तो रात्रंदिवस चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मूल स्वतःही तो लावू शकते.

आता पुन्हा त्या आक्षेपाकडे येते. घरची गोष्ट घरात राहावी, हे आपल्याला आपल्या आयांनी शिकवले आणि ते भांडणतंट्यांपुरते खरेही आहे. पण त्या मुलाच्या बाबतीत गोष्ट घरात राहिली असती, तर तिचा फायदा कोणाला झाला असता? त्या शिकवणीवाल्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. परंतु त्या मुठीत मूल गुदमरत असेल तर ती उघडलीच पाहिजे. चव्हाट्यावर नेणे निराळे आणि जाणत्या माणसाला सांगणे निराळे. ताई घरात डोकावते ती चहाड्या करायला नव्हे.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ताई येतात दोनच दिवस. शाळेत मुले सहाशेच्या वर. संस्थेचा पैसा आटला तर तेही दोन दिवस बंद होतील. त्या दिवशी त्यांना पट चाळायला सवड मिळाली म्हणून ते दोन वार दिसले. सवड मिळाली नसती तर? मुलाची सुरक्षितता अशी एखाद्या रिकाम्या तासावर सोपवून चालणार नाही.

म्हणून माझ्या मंडळापुढे तीन विनंत्या आहेत. पहिली, शाळेला पूर्ण वेळ समाजकार्यकर्ती मिळावी, असा ठराव आज करून पालिकेच्या शिक्षण विभागाकडे पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला आपल्यापैकी चौघींनी तेथे जाऊन विचारावे. दुसरी, शाळा व्यवस्थापन समितीत जाण्यास कोणी लाजू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या जागा आपल्याच आहेत. आपण बसलो नाही तर नावे नुसती कागदावर राहतात. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती नेमण्याचाही शासनाचा २०२२ चा आदेश आहे. ती बसते का, तक्रारपेटी कोण उघडते, हे आपण विचारायला हवे. तिसरी, मंडळाची मागची खोली दुपारी रिकामी असते. ती ताईंना आयांशी बोलण्यासाठी द्यावी. शाळेत जायला बिचकणारी बाई मंडळात येताना बिचकत नाही.

खोलीला दार आहे, दाराला पडदा आपण शिवू. दोन खुर्च्या माझ्या घरच्या मी देते.

 ठराव अध्यक्षबाईंनी सभेपुढे मांडावा, एवढे विनवून मी आपली रजा घेते.