खरेदीचे नियम आणि नियमांतील सवलत



घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या सहकारी गृहसंस्थेच्या सभेला आपण बसलां असाल. पाण्याचा पंप बदलावयाचा म्हटलें कीं तीन दरपत्रकें मागवावीं, तीं समितीपुढें ठेवावीं आणि मग मंजुरी द्यावी, असा तेथील शिरस्ता. परंतु ऐन मे महिन्यांत मध्यरात्रीं पंप बंद पडला, तर चिटणीस ओळखीच्या कारागिराला बोलावून काम उरकून घेतात, आणि पुढील सभेंत कारण व बिल दोन्ही मांडतात. सभासद त्यांना दोष देत नाहींत. मात्र पंप दरसाल मध्यरात्रींच बिघडूं लागला, तर कोणी तरी उठून विचारील, आणि त्यानें विचारलेंच पाहिजे. राज्य सरकारच्या खरेदीचा प्रश्नहि याच घरगुती मापानें मोजतां येतो.

सरकारी खात्यांत दरकराराची पद्धत होती. एकदां दर ठरला कीं खात्यांनीं नवी निविदा न काढतां त्या दरानें माल घ्यावा. सोय मोठी, पण स्पर्धा तेथेंच थांबे. १३ फेब्रुवारी २०१५ रोजीं महिला व बालविकास खात्यानें एकाच दिवशीं २४ शासन निर्णय काढून सुमारें २०६ कोटि रुपयांच्या खरेदीस मंजुरी दिली, आणि निविदेवांचून झालेल्या या व्यवहारावरून वादळ उठलें. चौकशीअंतीं लाचलुचपत प्रतिबंधक खात्यास गैरव्यवहाराचा पुरावा मिळाला नाहीं. तरीहि कारणें वेळींच उघड केलीं नाहींत, तर निर्दोष माणसालाहि आपली बाजू मांडणें कठीण जातें, एवढा धडा उरला. पुढें १ डिसेंबर २०१६ रोजीं उद्योग विभागानें खरेदीची सुधारित नियमपुस्तिका काढली.

आतां दुसरी बाजू पाहूं. २०१७ सालीं सरकारी रुग्णालयांच्या औषधांची खरेदी परळच्या हाफकिन महामंडळाकडे सोंपविण्यांत आली. मागण्या एकत्र आल्या म्हणजे दर उतरतात, हें गणित बरोबरच होतें. परंतु पुरवठ्यास विलंब होतो अशी तक्रार वाढली. म्हणून २०२३ सालीं विधिमंडळानें वैद्यकीय वस्तु खरेदी प्राधिकरणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयांतील मृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली, तेव्हां या प्राधिकरणास पूर्ण वेळ मुख्य अधिकारी हवा, हेंहि न्यायालयालाच सांगावें लागलें. औषध खाटेपर्यंत पोंचलें नाहीं, तर नातलगाला तें बाहेरच्या दुकानांतून आणावें लागतें. विलंबाची किंमत त्याच्या खिशांतून जाते.

तेव्हां सवलत हवीच. जून २०२५ मध्यें केंद्र सरकारनें वैज्ञानिक संस्थांसाठीं दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये केली, तीहि याच जाणिवेनें. परंतु ती कोणी, कां आणि किती दिवसांसाठीं दिली, हें नागरिकाला कळलें पाहिजे. महाराष्ट्रांतील सर्वसाधारण सरकारी खरेदी शासन निर्णयांच्या आधारें चालते, आणि एक शासन निर्णय दुसऱ्यानें सहज बदलतां येतो. शेजारच्या कर्नाटकानें १९९९ सालीं याविषयीं कायदाच केला. तेथें एखाद्या खरेदीस सवलत द्यावयाची तर सरकारला अधिसूचना काढावी लागते. त्यामुळें सवलती बंद झाल्या असें नव्हे. पण त्यांची नोंद राहते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक सवलतीस लेखी कारण असावें व तिची मुदत ठरलेली असावी. माल कोणाकडून, किती दरानें घेतला आणि मागणीपासून किती दिवसांनीं पोंचला, याचा तक्ता दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावा. चोरी आणि दिरंगाई, दोहोंचाहि हिशेब त्यांत दिसेल. गृहसंस्थेच्या चिटणिसाकडून आपण जेवढें मागतों, त्याहून अधिक यांत कांहींच नाहीं.