नांदायला पाठवण्याआधी

समुपदेशक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षीय भाषणात सगळ्याच विषयांना हात लावायचा रिवाज आहे. मी तो आज मोडते. नवरा समलिंगी आहे हे लग्नानंतर कळलेल्या बायकांबद्दलच बोलते.

अशी बाई येते तेव्हा बहुधा नवऱ्याची तक्रार करत नाही. माझ्याकडे आलेल्या एकीनं ओढणी सारखी केली आणि विचारलं, "मॅडम, मी जाड झाले म्हणून का हो?" चार वर्षांच्या संसारात तिनं डाएट केलं होतं, गुरुवार धरले होते, सासूच्या सांगण्यावरून दोन डॉक्टर बदलले होते. मोबाइलमधले मेसेज वाचून तिला खरं कळलं, पण पटलं नव्हतं. माहेरी सांगणार तरी काय? नवरा मारत नाही, पीत नाही, पगार हातात देतो.

आपणही सांगतो, "जरा सांभाळून घ्या." मुलगा वाईट नसतो, हे खरंच; गुन्हेगार तर नाहीच. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम 377 मधून बाहेर काढले. लग्नाच्या बैठकीत मात्र काही बदललं नाही. पोराचं ठाऊक असूनही 'लग्न झालं की सुधारेल' म्हणत मुली बघायला निघालेल्या आईबापांवर माझा राग त्या पोरापेक्षा जास्त आहे.

पण सांभाळून घेण्याची किंमत बाईच मोजते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार, जोडीदारानं स्वतःबद्दलची महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. मात्र अर्ज फसवणूक कळल्यापासून एका वर्षात करावा लागतो, आणि कळल्यावर ती राजीखुशीनं नांदलेली नसावी लागते. आपण 'सहा महिने बघा, मग या' म्हणतो तेव्हा तिची मुदत खात असतो. न्यायालय हे लपवणं फसवणूक मानेलच असं नाही. ते पुराव्यावर ठरतं. मुदत टळली तरी घटस्फोटाची वाट उरते, पण कोणत्या वाटेनं जायचं हे तिनं ठरवायचं. लग्न रद्द झालं तरी मुलं औरसच राहतात. कौटुंबिक न्यायालयात दोघांपैकी एकानं मागितलं तर सुनावणी बंद दाराआड होते. नवऱ्याचं गुपित चव्हाट्यावर येईल या भीतीनं गप्प बसलेल्या कितीजणींना आपण हे सांगितलं?

अशी बाई पडद्यावर भेटते : 'काथल' या 2023 च्या मल्याळम चित्रपटातली ओमना वीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट मागते आणि नवऱ्याचा द्वेषही करत नाही. मराठीत समलिंगी मुलाचं मन लिहिलं गेलं. त्याच्या गळ्यात बांधलेल्या मुलीचं माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही.

वेगळं व्हायचं ठरवलं की अशा बाईपुढे कामांचा डोंगर असतो : स्त्रीधनाची यादी, जॉइंट खातं, रेशनकार्डावरचं नाव, 'मिस्टर काय करतात?' विचारणारा घरमालक. एचआयव्हीची तपासणीही, सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. मघाच्या त्या बाईनं बी.एड.ला नाव घातलं तेव्हा माहेरून विचारणा झाली ती दुसऱ्या लग्नाची!

माझी विनंती एवढीच. अशी बाई आली की पहिल्याच भेटीत कागदावर दोन तारखा लिहा : तिला कळलं ती, आणि तिथून वर्ष भरेल ती. कागद तिच्या हाती द्या, वकिलाकडे पाठवा. नांदण्याचं मग बोलू.